ॲलर्जीची सर्दी

ॲलर्जीची सर्दी किंवा ॲलर्जीजन्य नासाशोथ हा नाकाच्या आतील श्लेष्मल अस्तराचा दाहविकार आहे. धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, पाळीव प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा असे बहुसंख्य लोकांना निरुपद्रवी ठरणारे कण श्वासावाटे नाकात गेल्यावर काही व्यक्तींची प्रतिकारयंत्रणा त्यांना घातक समजते व त्यांच्याविरुद्ध प्रतिक्रिया देते. एकामागून एक शिंका येणे, नाकातून पाण्यासारखा स्राव वाहणे, नाक चोंदणे आणि नाक, डोळे व टाळू यांना खाज सुटणे ही या विकाराची प्रमुख लक्षणे आहेत. हा संसर्गजन्य रोग नाही. तो एकापासून दुसऱ्यास होत नाही. जगभर आढळणाऱ्या ॲलर्जीच्या विकारांपैकी हा सर्वाधिक प्रमाणात दिसणाऱ्या विकारांत मोडतो. तो बहुधा बालपणी किंवा तारुण्यात सुरू होतो व अनेक वर्षे टिकतो. तो स्वतः जीवघेणा नसला तरी झोप, अभ्यास व दैनंदिन कामकाज यांवर त्याचा परिणाम होतो. दम्याशी त्याचा निकटचा संबंध असल्यामुळे त्याकडे ‘नुसती सर्दी’ म्हणून दुर्लक्ष करणे योग्य नसते.

नाव

‘ॲलर्जी’ हा शब्द ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम वापरला. ‘अन्य’ व ‘कार्य’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला असून शरीराची बदललेली प्रतिक्रिया असा त्याचा मूळ आशय आहे. परागकणांमुळे विशिष्ट ऋतूत होणाऱ्या ॲलर्जीच्या सर्दीस मराठीत ‘परागज्वर’ असे नाव आहे. ते इंग्रजीतील ‘हे फीवर’ या नावाच्या धर्तीवर रूढ झाले. प्रत्यक्षात या विकारात ज्वर नसतो. आयुर्वेदात नाक वाहणे व चोंदणे या लक्षणांचा विचार नासारोगांतील ‘प्रतिश्याय’ या नावाखाली केलेला आढळतो. तथापि त्यात संसर्गजन्य व ॲलर्जीजन्य अशा दोन्ही प्रकारच्या सर्दीची लक्षणे येतात.

इतिहास

दहाव्या शतकातील इराणी वैद्य अल-राझी यांनी वसंत ऋतूत गुलाब फुलल्यावर होणाऱ्या सर्दीवर एक टिपण लिहिले होते. आधुनिक वैद्यकातील पहिले सविस्तर वर्णन लंडनचे वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये केले. दरवर्षी उन्हाळ्यात स्वतःला होणारा त्रास हाच त्यांच्या वर्णनाचा विषय होता. त्याचे कारण उन्हाळ्यातील उष्णता असावे, असे त्यांचे मत होते. मँचेस्टर येथील वैद्य चार्ल्स ब्लॅकली हेही याच विकाराने त्रस्त होते. त्यांनी परागकण स्वतःच्या नाकात व त्वचेवरील ओरखड्यावर लावून लक्षणांची नोंद केली, तसेच पतंगाच्या साहाय्याने उंचावरील हवेतील परागकण गोळा केले. गवताचे पराग हेच या विकाराचे कारण आहे, हे दाखवणारा त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

लंडनमधील लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांचा अर्क अल्प मात्रेत टोचून सहनशीलता वाढवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आजच्या प्रतिरक्षा उपचाराचा तो आरंभ होय. हिस्टामिनविरोधी औषधांच्या शोधातील कार्यासह अन्य संशोधनासाठी डॅनिएल बोव्हे यांना १९५७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरातील धुळीमुळे होणाऱ्या ॲलर्जीचे मुख्य कारण धुळीतील सूक्ष्म माइट आहेत, ही गोष्ट १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील संशोधकांनी स्पष्ट केली. त्याच दशकात अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधील संशोधकांनी, ॲलर्जीस कारणीभूत असलेले प्रतिपिंड शोधून काढले. १९६८ मध्ये त्यास ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ म्हणजेच ‘आयजीई’ हे नाव देण्यात आले.

कारणे

ज्या पदार्थांमुळे ॲलर्जी उद्भवते त्यांस ॲलर्जीजनक म्हणतात. ॲलर्जीच्या सर्दीत ते प्रामुख्याने श्वासावाटे शरीरात जातात.

धुळीतील माइट: हे कोळ्यांच्या वर्गातील अतिसूक्ष्म जीव असून त्यांची लांबी सुमारे ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते. गादी, उशी, गोधडी, गालिचा, जाड पडदे व कापडी खेळणी यांत त्यांचे वास्तव्य असते आणि माणसाच्या त्वचेतून गळणाऱ्या कोंड्यावर ते जगतात. ते चावत नाहीत. त्यांच्या विष्ठेतील व शरीराच्या अवशेषांतील प्रथिने ॲलर्जीजनक असतात. उबदार व दमट हवा त्यांना मानवते. त्यामुळे कोकण व गोव्यासारख्या किनारी प्रदेशांत आणि इतरत्र पावसाळ्यात त्यांच्या वाढीस पोषक परिस्थिती असते. जेथे हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहते, तेथे ते फारसे तग धरत नाहीत.

परागकण: वाऱ्यावर वाहून जाणारे हलके परागकण विशेष त्रासदायक असतात. गवतवर्गीय वनस्पती व वाऱ्याद्वारे परागण होणारे वृक्ष आणि तणे यांचा त्यात समावेश होतो. मोठ्या, भडक फुलांचे पराग बहुधा जड व चिकट असून कीटकांमार्फत वाहिले जातात. म्हणून फूल दिसते तेथे ॲलर्जी असतेच असे नाही. महाराष्ट्रात पावसाळा सरताना, साधारणतः भाद्रपद-आश्विनात, गवते फुलोऱ्यावर येतात व त्या काळात अनेकांचा त्रास वाढतो.

गाजरगवत: काँग्रेस गवत व चटकचांदणी या नावांनीही ओळखले जाणारे हे तण मूळचे अमेरिका खंडातील आहे. भारतात ते १९५० च्या दशकात पुण्यात ठळकपणे नोंदले गेले व पुढे देशभर पसरले. आयात धान्याबरोबर ते आले असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच्या स्पर्शाने व हवेतील कणांनी त्वचेचा दाह होतो, तर परागांमुळे सर्दी व दम्याचा त्रास होऊ शकतो.

बुरशी: ओल धरलेल्या भिंती, गळकी छपरे, कुजलेला पालापाचोळा व साठवणुकीत दमट झालेले धान्य यांवरील बुरशीचे बीजाणू हवेत मिसळतात. पावसाळ्यात व मळणीच्या दिवसांत त्यांचे प्रमाण वाढते.

प्राणी व झुरळे: मांजर, कुत्रा आदी प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा, लाळ व मूत्र यांतील प्रथिने ॲलर्जीजनक असतात. केस हे त्यांचे केवळ वाहक होत. झुरळांची विष्ठा व अवशेष हे शहरी वस्त्यांतील एक महत्त्वाचे, परंतु बहुधा दुर्लक्षिले जाणारे कारण आहे.

तंबाखूचा धूर, चुलीचा व उदबत्तीचा धूर, फटाके, वाहनांचा धूर, तीव्र सुगंधी द्रव्ये आणि फोडणीचा खाट हे खऱ्या अर्थाने ॲलर्जीजनक नव्हेत. मात्र आधीच दाह झालेल्या अस्तराचा ते अधिक क्षोभ करतात व लक्षणे बळावतात.

आईवडिलांपैकी एकास किंवा दोघांस ॲलर्जी, दमा अथवा ॲलर्जीजन्य इसब असल्यास अपत्यास हा विकार होण्याची शक्यता वाढते. आनुवंशिकतेने येते ती ॲलर्जीची प्रवृत्ती. आई व मूल यांना एकाच पदार्थाची ॲलर्जी असेल असे नाही.

रोगप्रक्रिया

एखाद्या ॲलर्जीजनकाशी प्रथम संपर्क येतो तेव्हा लक्षणे दिसत नाहीत. या काळात प्रतिकारयंत्रणा त्या पदार्थाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे तयार करते व ती नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींना चिकटून राहतात. या अवस्थेस संवेदनीकरण म्हणतात. म्हणूनच वर्षानुवर्षे सहन होत आलेल्या धुळीचा किंवा प्राण्याचा त्रास एखाद्यास अचानक सुरू झाल्यासारखा वाटतो.

पुन्हा तोच पदार्थ नाकात गेला की तो प्रतिपिंडांना जोडला जातो आणि मास्ट पेशींतून हिस्टामिन व इतर रसायने बाहेर पडतात. हिस्टामिनमुळे मज्जातंतूंची टोके उद्दीपित होऊन खाज व शिंका येतात, ग्रंथींतून स्राव वाहतो आणि रक्तवाहिन्या विस्फारतात. हा पहिला टप्पा काही मिनिटांत घडतो. त्यानंतर साधारणतः चार ते आठ तासांनी दुसरा टप्पा येतो. त्यात इओसिनोफिल व इतर दाहपेशी अस्तरात जमा होतात आणि नाक चोंदणे हे लक्षण प्रबळ होते. सकाळी केर काढताना उडालेल्या धुळीने सायंकाळी नाक बंद होणे या दुसऱ्या टप्प्यामुळे शक्य होते. सततच्या दाहामुळे अस्तर अतिसंवेदनशील बनते आणि मग अल्पशा कणांनी किंवा नुसत्या धुरानेही त्रास होऊ लागतो.

लक्षणे

सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागणे हे या विकाराचे नेहमीचे चित्र आहे. त्याचबरोबर नाकातून पातळ, रंगहीन स्राव वाहतो. नाक आलटून पालटून एका बाजूने किंवा दोन्ही बाजूंनी बंद होते. डोळे लाल होऊन चुरचुरतात व पाणावतात. टाळू, घसा व कान यांच्या आत खाज सुटते. स्राव घशात उतरत राहिल्याने खाकरणे व कोरडा खोकला दिसून येतो. वास घेण्याची क्षमता मंदावते.

लहान मुलांत काही बाह्य खुणा आढळतात. खाज शमवण्यासाठी मूल तळहाताने नाकाचा शेंडा वारंवार वर घासते व त्यामुळे नाकावर आडवी रेघ उमटू शकते. डोळ्यांखाली काळसर वर्तुळे दिसतात, तोंड उघडे ठेवून श्वास घेण्याची सवय लागते, झोपेत घोरणे सुरू होते. रात्रीची झोप पुरेशी न झाल्याने असे मूल वर्गात पेंगते किंवा चिडचिडे होते. त्याचे लक्ष नाही, असा समज होण्याचा संभव असतो.

संसर्गजन्य सर्दीपासून भिन्नता

विषाणूंमुळे होणारे पडसे व ॲलर्जीची सर्दी यांत साम्य असले तरी भेद करणे बहुधा शक्य असते. पडशात घसा दुखणे, अंग मोडून येणे व कधी ताप ही लक्षणे असतात, काही दिवसांत स्राव घट्ट होतो आणि साधारणतः सात ते दहा दिवसांत रोग बरा होतो. ॲलर्जीच्या सर्दीत ताप नसतो, स्राव पातळ राहतो, खाज हे ठळक लक्षण असते आणि त्रास आठवडे किंवा महिने चालू राहतो. विशिष्ट ऋतू, जागा किंवा काम यांच्याशी त्याचा संबंध जोडता येतो. ‘वर्षातून पंधरा वेळा सर्दी होते’ अशी तक्रार असणाऱ्या व्यक्तीस पुष्कळदा ॲलर्जीच असते.

प्रकार

पूर्वी या विकाराचे ऋतुमानानुसार होणारा व बारमाही असे दोन प्रकार मानत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेल्या ‘एरिया’ या मार्गदर्शक तत्त्वांनी २००१ पासून निराळे वर्गीकरण रूढ केले. आठवड्यात चार दिवसांहून कमी किंवा सलग चार आठवड्यांहून कमी काळ लक्षणे असल्यास त्यास अधूनमधून होणारी आणि त्याहून अधिक काळ असल्यास सातत्याने राहणारी सर्दी म्हणतात. झोप, काम, शाळा किंवा खेळ यांत व्यत्यय येत असेल तर तीव्रता मध्यम ते तीव्र, अन्यथा सौम्य समजतात. उपचारांची निवड या वर्गीकरणावर अवलंबून असते.

निदान

निदानाचा मुख्य आधार रुग्णाने सांगितलेला इतिहास हाच असतो. त्रास केव्हा व कोठे वाढतो, गावी गेल्यावर कमी होतो काय, घरात कोणास दमा आहे काय, या प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची ठरतात. काही आठवडे लक्षणांची लेखी नोंद ठेवल्यास निदानास साहाय्य होते.

त्वचाटोचणी चाचणीत निरनिराळ्या ॲलर्जीजनकांच्या अर्कांचे थेंब हातावर ठेवून त्वचा हलकेच टोचतात व १५ ते २० मिनिटांनी उठणारी गांध मोजतात. या चाचणीपूर्वी हिस्टामिनविरोधी गोळ्या काही दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद ठेवाव्या लागतात. विशिष्ट आयजीई मोजणारी रक्तचाचणीही उपलब्ध आहे. मात्र चाचणी सकारात्मक येणे म्हणजे त्या पदार्थाने रोग होतोच असे नव्हे. इतिहासाशी मेळ बसला तरच निष्कर्षास अर्थ असतो. केवळ अहवालातील लांबलचक यादी पाहून अनेक अन्नपदार्थ वर्ज्य करणे अनावश्यक असून वाढत्या वयाच्या मुलांत ते अपायकारक ठरू शकते.

उपचार

उपचाराचे चार भाग आहेत: कारण टाळणे, नाक धुणे, औषधे आणि प्रतिरक्षा उपचार.

कारण टाळणे: ॲलर्जीजनक पूर्णतः टाळणे क्वचितच शक्य होते, परंतु त्याचे प्रमाण कमी करता येते. झाडूने कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसल्यास धूळ उडत नाही. रुग्णाने स्वतः केर काढणे, जाळी-जळमटे झाडणे व माळा आवरणे टाळावे, अथवा मास्क वापरावा. चादरी व उशांचे अभ्रे दर आठवड्यास सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास माइट मरतात. गाद्या व गोधड्या कडक उन्हात घालण्याची जुनी पद्धत ओल घालवण्यास उपयुक्त आहे. मात्र मेलेल्या माइटांची विष्ठा कापडात शिल्लक राहते, म्हणून धुता येण्याजोगे अंथरूण-पांघरूण धुणेही आवश्यक असते. गादी व उशीस घट्ट विणीचे बंद आवरण घालणे, शयनगृहातील गालिचे व कापडी खेळणी कमी करणे, गळती दुरुस्त करून ओल हटवणे हे उपाय एकत्रितपणे केल्यास अधिक लाभ होतो. एकच उपाय सहसा पुरेसा ठरत नाही. परागांचा त्रास असणाऱ्यांनी शेतातून किंवा फिरून आल्यावर स्नान करून कपडे बदलावेत.

नाक धुणे: मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुतल्यास स्राव व कण निघून जातात आणि औषधांची गरज काहीशी कमी होऊ शकते. हठयोगातील षट्कर्मांपैकी नेती या क्रियेचा जलनेती हा प्रकार याच स्वरूपाचा आहे. यासाठी उकळून निववलेले किंवा निर्जंतुक पाणीच वापरणे अत्यावश्यक आहे. नळाचे वा विहिरीचे न उकळलेले पाणी नाकात गेल्यास नेग्लेरिया फाउलेरी नावाच्या अमीबामुळे मेंदूचा दुर्मीळ, परंतु बहुधा प्राणघातक संसर्ग होण्याचा धोका असतो. नेतीपात्रही प्रत्येक वेळी स्वच्छ धुऊन कोरडे करावे लागते.

हिस्टामिनविरोधी गोळ्या: या औषधांनी शिंका, खाज व स्राव कमी होतात, चोंदण्यावर त्यांचा परिणाम मर्यादित असतो. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधांनी गुंगी येते, त्यामुळे वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांना व विद्यार्थ्यांना ती अयोग्य ठरतात. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन ही नवी औषधे तुलनेने कमी गुंगी आणतात. मात्र सेटिरिझिनने काहींना झोप येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतल्यास त्याचे शोषण कमी होते, म्हणून ते पाण्याबरोबर घ्यावे.

नाकातील स्टेरॉइड फवारे: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड इत्यादींचे फवारे हा मध्यम ते तीव्र विकारावरील सर्वांत परिणामकारक औषधोपचार मानला जातो. ‘स्टेरॉइड’ या शब्दाच्या भीतीने अनेक रुग्ण ते अर्धवट सोडतात. वस्तुतः त्यांची मात्रा अत्यल्प असून परिणाम मुख्यतः नाकापुरता राहतो. पूर्ण गुण येण्यास काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत काळ लागतो, म्हणून त्यांचा वापर गरजेपुरता न करता रोज नियमाने करावा लागतो. फवारा घेताना मान किंचित पुढे झुकवून, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात व डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरल्यास फवाऱ्याची दिशा मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूस राहते आणि नाकातून रक्त येण्याचा संभव घटतो. नंतर जोराने हुंगू नये. लहान मुलांत दीर्घकाळ वापर असल्यास उंचीवर लक्ष ठेवतात.

नाक मोकळे करणारे थेंब: झायलोमेटाझोलिन व ऑक्सिमेटाझोलिन यांच्या थेंबांनी नाक काही मिनिटांत मोकळे होते. त्यांचा वापर तीन ते पाच दिवसांपुरताच मर्यादित ठेवावा लागतो. अधिक काळ वापरल्यास थेंबांचा परिणाम ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, रुग्ण पुन्हा थेंब टाकतो आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालते. या अवस्थेस औषधजन्य नासाशोथ म्हणतात. मूळ ॲलर्जी बाजूस राहून औषधच रोग बनते. थेंब बंद करणे हाच त्यावरील उपाय असून त्या काळात डॉक्टर बहुधा स्टेरॉइड फवारा सुरू करतात.

इतर औषधे: माँटेलुकास्ट हे औषध भारतात लेव्होसेटिरिझिनसह एकत्रित गोळीच्या रूपात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यामुळे काही रुग्णांत दुःस्वप्ने, चिडचिड, नैराश्य असे मानसिक परिणाम संभवतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यास सर्वोच्च स्तराचा इशारा जोडला. मुलाच्या वागण्यात अचानक बदल दिसल्यास ही गोष्ट डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. प्रतिजैविकांचा ॲलर्जीवर काहीही उपयोग होत नाही. दीर्घकाळ टिकणारी स्टेरॉइडची इंजेक्शने दुष्परिणामांमुळे या विकारासाठी योग्य मानली जात नाहीत. गर्भवती व स्तनदा मातांनी कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

प्रतिरक्षा उपचार: निश्चित झालेल्या ॲलर्जीजनकाचा अर्क वाढत्या मात्रेत त्वचेखाली टोचून किंवा जिभेखाली ठेवून शरीराची सहनशीलता वाढवतात. हा उपचार साधारणतः तीन ते पाच वर्षे चालतो. इतर औषधे लक्षणे दाबतात, तर हा उपचार प्रतिक्रियेच्या मुळाशी जातो व त्याचा लाभ उपचार थांबल्यावरही काही वर्षे टिकू शकतो. इंजेक्शननंतर तीव्र प्रतिक्रियेचा धोका असल्याने रुग्णास किमान अर्धा तास दवाखान्यात थांबवतात. दमा आटोक्यात नसलेल्या रुग्णांना हा उपचार देत नाहीत.

प्रचलित समजुती

थंड पाणी, दही, केळी किंवा डोक्यावरून स्नान केल्याने ही सर्दी होते, अशी समजूत प्रचलित आहे. गार हवेने किंवा तापमानातील बदलाने अतिसंवेदनशील नाकास तात्पुरता त्रास होऊ शकतो, परंतु ते ॲलर्जीचे कारण नव्हे. अन्नपदार्थांच्या ॲलर्जीत अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा उलट्या ही लक्षणे असतात. इतर कोणतेही लक्षण नसताना केवळ जुनाट सर्दी अन्नामुळे होणे असामान्य आहे. प्रतिकारशक्ती कमी असल्याने ॲलर्जी होते, हा समजही बरोबर नाही. ॲलर्जी हा प्रतिकारशक्तीचा अभाव नसून तिची चुकीच्या दिशेने झालेली प्रतिक्रिया असते.

गुंतागुंत व दम्याशी संबंध

दुर्लक्षित सर्दीमुळे सायनसचा दाह, कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकू कमी येणे आणि झोपेचे विकार उद्भवू शकतात. सर्वांत महत्त्वाचा संबंध दम्याशी आहे. नाक व फुप्फुसे यांतील श्वासमार्ग सलग असून एका भागातील दाहाचा दुसऱ्यावर परिणाम होतो. दम्याच्या बहुसंख्य रुग्णांत ॲलर्जीची सर्दी आढळते आणि अशा सर्दीच्या रुग्णांत दमा होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. नाकावरील योग्य उपचारांनी दमा आटोक्यात ठेवण्यास मदत होते.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

लक्षणे चार आठवड्यांहून अधिक टिकल्यास, झोप वा शाळा बुडत असल्यास किंवा औषधांच्या दुकानातून घेतलेल्या गोळ्यांची वारंवार गरज भासत असल्यास तज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक ठरते. नेहमी एकाच बाजूचे नाक बंद राहणे, स्रावात रक्त किंवा दुर्गंधी असणे, चेहऱ्याचे तीव्र दुखणे अथवा ताप ही लक्षणे साध्या ॲलर्जीची नसतात व त्यांची वेगळी तपासणी करावी लागते. लहान मुलात एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास नाकात मणी किंवा बी अडकलेली असण्याचा संभव असतो.

रात्री किंवा पहाटे खोकला येणे, धावल्यावर छाती भरून येणे, श्वास सोडताना घुरघुर किंवा शिटीसारखा आवाज येणे ही दम्याची चिन्हे असू शकतात. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर पडणे, चेहरा वा जीभ सुजणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे यांपैकी काहीही घडल्यास ती आणीबाणीची अवस्था असते. अशा वेळी सर्दीच्या गोळीवर वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. महाराष्ट्रात व गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे.